अर्धं कापलेलं मैदान

बैलाच्या पायात बूट चढवायची नोकरी केलेला माणूस मी. हसा, हसा. पण ऐका तरी.

पन्नासच्या दशकात, मारतहळ्ळी निव्वळ खेडं होतं तेव्हा, बेंगळूरच्या पूर्वेला त्या रस्त्यावर आमचा कारखाना होता. कारखान्याला पाच एकरांचं हिरवळीचं मैदान. गवत कापायचं यंत्र बैल ओढायचा, आणि खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून त्याच्या चारी पायांत चामड्याचे बूट घालून वर नाड्या आवळायच्या. रोज सकाळी मी आधी बैलाला बूट घालायचो आणि मग स्वतः अनवाणी त्याच्यामागं चालायचो. हलसूरच्या आमच्या गल्लीत लोक म्हणायचे, "तुमच्यात साहेब कोण आणि चाकर कोण ते पायांकडे बघूनच कळतं हो!" म्हणू देत. तसली हिरवळ त्या वेळी अख्ख्या बेंगळुरात दुसरी नव्हती. हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो, कुणाला पटो न पटो.

आमचं घराणं मराठी, पण इथलंच. कुठल्या तरी पणजोबाच्या पणजोबानं फौजेबरोबर येऊन इथं बूड टेकलं ते कायमचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. आणि घरातल्या मराठीतही "स्वल्प थांब" आणि होकाराला "सरी, सरी" इतकं मिसळलेलं की पुण्याचा पाहुणा आला तर आमच्या तोंडाकडे बघत बसायचा. माझे चुलतभाऊ सगळे कचेऱ्यांत कारकून. मी चौथीत शाळा सोडली आणि गवतात शिरलो. लग्नकार्यात कुणी विचारलं, "आपण काय करता?" की मी तोंड उघडायच्या आत भाऊ घाईघाईनं सांगायचे, "तो कारखान्यात असतो." असतो म्हणजे काय? खुर्चीसारखा असतो? राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. मी ताडकन म्हणायचो, "गवत कापतो. आणि झकास कापतो." मग जेवायच्या पंगतीत भाऊ माझ्या शेजारी बसायचे नाहीत.

नवे पैसे चालू झाले त्या सुमाराला इंग्लंडहून एक भलंमोठं लाकडी खोकं आलं. उघडलं तर आत बसून चालवायची गवताची मशीन! पुढं गवत पडायला पत्र्याचा डबा. त्याच्यामागं तीन फूट रुंदीचा आडवा रूळ, त्याच्यावर पिळदार पाती बसवलेली. रूळ फिरला की वरची पाती खालच्या एका स्थिर पात्याला घासून जायची आणि मधे सापडलेलं गवत कात्रीनं कापल्यासारखं कापलं जायचं. त्यामागं इंजिन, मग जड लोखंडी रोलर, आणि सगळ्यांत शेवटी माणसाला बसायची लोखंडी सीट. आम्ही सगळे तिला गवतगाडी म्हणायला लागलो. बैल त्याच आठवड्यात मारतहळ्ळीच्या एका गाडीवानाला देऊन टाकला. तो गेला तेव्हा मी मागं शेडमधे जाऊन रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

आता प्रश्न आला, त्या सीटवर बसणार कोण?

मोटार विभागात एक तरुण ड्रायव्हर होता. खाकी कपडे, तेल लावून मागं फिरवलेले केस, खिशात लायसन. त्याचं म्हणणं, इंजिन आहे म्हणजे ती मोटार, आणि मोटार म्हणजे आपली. सगळ्यांना ते पटलंही. पटलं नाही ते मला आणि आमच्या मेस्त्रीला. मेस्त्री म्हणजे आमच्या बाग विभागाचा मुख्य, म्हातारा कानडी माणूस. इंग्रजांच्या वेळी लष्कराच्या मैदानांवर त्यानं असल्या मशीन हाताळल्या होत्या. आम्ही दोघं जाऊन कारखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर उभे राहिलो. मेस्त्री म्हणाला, "सर, इंजिन मी याला महिन्यात शिकवीन. पण त्या ड्रायव्हरला गवत कोण शिकवणार?"

मोठे साहेब फार बोलणारे नव्हते. माझ्याकडे वरून खाली बघितलं. माझ्या अनवाणी पायांवर नजर जरा जास्तच थांबली. मग म्हणाले, "दसऱ्यापर्यंत ट्रायल. तोपर्यंत मशीन नीट चालली आणि कुणाला इजा झाली नाही, तर सीट तुझी. नाहीतर मोटार विभागाची, आणि तू पाण्याच्या नळीवर."

पाण्याची नळी म्हणजे दिवसभर रबरी पाइप धरून उभं राहायचं. पंधरा वर्षं मैदान कापल्यावर! माझी कानशिलं तापली, पण तोंडातून "सरी सर" एवढंच निघालं. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही पोळी लाटता लाटता म्हणाली, "बैल तरी तुमचं ऐकायचा. ही ऐकणार आहे का?" आणि दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्यांची घडी शिवून सीटवर घालायला उशी करून दिली. लोखंडावर बसून तुम्हाला मूळव्याध झाली तर तुमचा राग मलाच सोसावा लागेल, म्हणाली.

तर शिकलो. कसा शिकलो ते सांगतो, कारण आज पोरंसोरं असल्या मशीनवर बसून एका हातानं चहा पितात ते बघून माझं डोकं फिरतं.

पहिली गोष्ट, मशीन सुरू करायच्या आधी अख्खं मैदान पायांखाली घालायचं. पाच एकर, दहा-दहा हातांच्या पट्ट्यांत, मान खाली घालून, खांद्याला झोळी. दगड, तार, खिळे, आणि कावळ्यांनी टाकलेली हाडं. खाटकाकडची हाडं आणून नेमकी आमच्याच हिरवळीवर टाकायचा त्यांना काय सोस होता कोण जाणे. त्यातलं एक जरी पात्यात गेलं तरी पातं बाद. शिवाय दगड उडाला तर समोरच्याचा डोळा जातो. ह्या फेरीला तास-सव्वातास लागायचा. ड्रायव्हर फाटकाशी उभा राहून विचारायचा, "काय अण्णा, काय हरवलं?" मी त्याला उत्तर द्यायचो नाही. म्हणजे द्यायचो, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट, पात्यांची घासण. दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू. अर्धा आटा इकडे आवळला तर पातं खालच्या पात्यावर घासून तापतं, अर्धा आटा तिकडे सैल पडला तर गवत कापण्याऐवजी चावल्यासारखं फाटतं आणि दोन दिवसांत टोकं पिवळी पडतात. मेस्त्रीनं मला कागदाची खूण शिकवली. वर्तमानपत्राची पट्टी दोन पात्यांच्या मधे धरायची आणि रूळ लाकडी दांडक्यानं हळूच फिरवायचा. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पट्टी जागोजाग स्वच्छ कापली गेली तरच मशीन बाहेर काढायची. मला इंग्रजी पुस्तिका वाचता येत नव्हती, पण कागद कापला की फाटला ते वाचता येत होतं.

तिसरी गोष्ट, रेघ. पहिली रेघ सरळ गेली तर सगळ्या सरळ. त्यासाठी मशीनकडे बघायचंच नाही. मैदानाच्या पलीकडे गुलमोहराचं झाड होतं, त्याच्या खोडाकडे डोळे लावून जायचं. आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवून पुढचा पट्टा घ्यायचा. जाताना गवत एकीकडे लवतं, येताना दुसरीकडे, म्हणून एक पट्टा फिका आणि एक गडद दिसतो. तीन आठवड्यांनी मला असे पट्टे पडायला लागले की कारखान्याच्या वरच्या मजल्यावरचे कारकून खिडक्यांशी येऊन बघायचे. कारकून, बरं का! माझ्या भावांच्याच जातीचे. मी वर बघायचो नाही, पण उशीवर जरा ताठ बसायचो.

तळ्याकडच्या बाजूला मैदान उतरतं होतं. तिथं मशीन सरळ खाली आणि सरळ वर न्यायची, आडवी नाही, आणि वळायचं ते सपाटीवर येऊनच. गवत ओलं असेल तर उतरणीवर जायचंच नाही. जड रोलर ओल्या गवतावर सुटला की माणसाला घेऊन थेट तळ्यात.

आणि शेवटची गोष्ट मेस्त्रीनं तोंडानं सांगितली नाही, करून दाखवली. इंजिन चालू असताना अंगठ्याएवढ्या जाडीची काठी पात्यांत घातली. रूळ अडकला, इंजिन धडधडून बंद पडलं. सगळीकडे सामसूम. मला म्हणाला, "आता मशीन मेली. हो ना?" मी म्हटलं, हो. त्यानं लांबूनच दुसऱ्या काठीनं ती अडकलेली काठी जराशी हलवली. खाट्‌कन रूळ अर्धा फेरा फिरला आणि दोन्ही काठ्यांचे शेंडे उडून माझ्या पायाशी पडले. इंजिन बंद पडलं तरी रूळ फिरवणाऱ्या साखळीचा ताण पात्यांत अडकून बसलेला असतो. अडथळा निघाला की तो ताण सुटतो. मेस्त्री म्हणाला, "पात्यात काही अडकलं तर आधी प्लगची वायर काढायची, मग क्लच सोडवायचा, मग दांडक्यानं रूळ उलटा फिरवायचा. हात कधी घालायचा? कधीच नाही." त्या दिवशी जेवताना मी माझ्या बोटांकडे दोनदा बघितलं.

असे सहा महिने गेले. एक पातं तुटलं नाही, एक दगड उडाला नाही. मी मनात म्हणायला लागलो होतो की सीट आपलीच. आणि तिथंच मी माती खाल्ली.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मैदानावर मोठा कार्यक्रम ठरला होता. कामगारांची बायकापोरं, खेळ, बक्षिसं, आणि दिल्लीहून पाहुणे. त्याआधी दोन दिवस पाऊस लागला. साहेबांच्या कचेरीतून निरोपावर निरोप, गवत कापून घ्या. मी सांगून टाकलं, ओलं गवत मी कापणार नाही, तुम्हीच या आणि कापा. आदला दिवस उजाडला तो कोरडा, पण तो आयुधपूजेचा. त्या दिवशी बेंगळुरात कुणीही हत्याराला कामाला लावत नाही. रिक्षावाल्यापासून छापखान्यापर्यंत सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, कुंकवाचे टिळे, आणि सगळी बसलेली. म्हणजे कापायचं ते दसऱ्याच्या सकाळीच.

पूजा दरवर्षी शेडमधे व्हायची. मेस्त्री म्हणाला, यंदाही तिथंच करू. मी हटून बसलो. म्हटलं, गवतगाडीची पहिली पूजा, ती काय अंधाऱ्या शेडमधे करायची? मैदानाच्या मधोमध करायची, सगळ्या कारखान्याला दिसली पाहिजे! खरं सांगायचं तर मशीन दिसायला नको होती, मी दिसायला हवा होतो. मेस्त्रीनं मान हलवली आणि म्हणाला, सरी.

मैदानाच्या मधोमध गाडी उभी केली. पुढच्या डब्याला केळीचे खुंट बांधले, सीटला माळ. गाडीसमोर केळीचं पान मांडून त्यावर सगळी अवजारं ओळीनं ठेवली: नट आवळायचे पाने, कानशी, तेलाची बुदली, जादा नट-बोल्ट. एकेका वस्तूला मी स्वतः कुंकू लावलं, अगदी बोराएवढ्या नटालासुद्धा. आरती झाली, कोहळा फोडला, टाळ्या झाल्या. हीसुद्धा आली होती, शेजारणीला सांगत होती, "उशी मी शिवलीय." मोटार विभागाचा ड्रायव्हर आला, त्यानंही नमस्कार केला. एवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली आणि सगळी धावाधाव. पान उचललं, अवजारं पोत्यात कोंबली, गाडी ढकलत शेडमधे नेली.

दसऱ्याच्या सकाळी सहाला मी झोळी घेऊन मैदानात. नेहमीसारखा पट्ट्यापट्ट्यानं चालत मधोमध आलो. गवतावर कुंकू सांडलेलं, अक्षता, फुलांच्या पाकळ्या. आदल्या दिवशी जिथं दिवा लावला, कोहळा फोडला, तिथं पाय कसा ठेवायचा? आमच्या घरात पूजेच्या जागेवर पाय लागला तर आई थोबाडीत द्यायची. मी हात जोडले, त्या चार हात जागेला वळसा घातला आणि पुढं गेलो. सहा महिन्यांत पाच एकरांतली एवढीच जागा मी न बघता सोडली.

दव वाळलं तसं नऊला सुरू केलं. कागद स्वच्छ कापला गेला होता, इंजिन गोड चालत होतं. अडीच तासांत अर्धं मैदान झालं. काय पट्टे पडले होते! साडेअकराच्या सुमाराला मी मधोमध पोचलो, आणि खाड्‌कन आवाज झाला. असा आवाज की माझे दातच हलले. रूळ अडकला आणि इंजिन बंद.

उतरलो. वाकून बघितलं. वरच्या आणि खालच्या पात्याच्या मधे एक नट चेपून बसला होता. आणि नटावर कुंकू.

दुसऱ्या कुणाचा असता तर मी मैदान डोक्यावर घेतलं असतं. पण शिव्या द्यायच्या कुणाला? टिळा लावणारं बोट माझं, पूजा मैदानात आणणारा हट्ट माझा, वळसा घालून गेलेले पाय माझे. मी तिथंच गवतात बसलो.

फाटकाशी खुर्च्या उतरवत असलेला ड्रायव्हर पळत आला. वाकला, बघितलं, म्हणाला, "अण्णा, एवढंच ना? दोन मिनिटांचं काम. इंजिन तर बंदच आहे. नट काढतो, लगेच सुरू करा, तासाभरात बरंच होईल. साहेबांना कळणारसुद्धा नाही." आणि हे म्हणता म्हणता त्यानं बाही वर सारली आणि हात पात्यांकडे नेला.

देवाशपथ सांगतो, क्षणभर मी गप्प राहिलो. त्याचं म्हणणं खरंच होतं. दोन मिनिटांत नट निघाला असता, पट्टे पुढं सुरू झाले असते, सीट माझी राहिली असती. मग मी त्याच्या मनगटावर अशी चापट मारली की तो मागं कोलमडला.

"मूर्खा! तुझ्या बायकोला काय सांगू मी?"

"अहो, पण इंजिन बंद..."

"गप्प बैस! हलू नकोस तिथून."

प्लगची वायर काढली. क्लच सोडवायला गेलो तर ताणानं तो घट्ट बसलेला, दांडाच हलेना. मग पोटावर लांब आडवा पडलो आणि दांडक्यानं, हाताचं अंतर राखून, रूळ उलटा रेटला. नट सुटला. त्याच क्षणी रूळ खाट्‌कन पुढं फिरला आणि पात्यांनी दांडक्याचं टोक असं उडवलं की ते ड्रायव्हरच्या खाकी मांडीवर जाऊन पडलं. तो तुकडा त्यानं उचलून बघितला आणि खिशात घातला. त्यानं सारलेली बाही हळूच खाली केली. मग तो शेडमधून कानस आणि वर्तमानपत्र घेऊन आला.

वरच्या एका पात्याला खोक पडली होती, खालचं पातं चेपलं होतं. दोघांनी मिळून कानस मारली. स्क्रू पाव पाव आटा फिरवत मी कागद लावत गेलो. डावीकडे कापे, उजवीकडे फाटे. परत. मेस्त्री येऊन उभा राहिला, नट हातात घेतला, कुंकू बघितलं आणि नट परत माझ्या तळहातावर ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला गेला तेव्हा पावणेदोन वाजले होते. दोनला फाटक उघडलं आणि बायकापोरांची गर्दी आत आली. मैदानात माणसं आल्यावर मशीन फिरवायची नाही, म्हणून मी गाडी कडेला लावली.

झालं. दिल्लीचे पाहुणे आले आणि त्यांना काय दिसलं? डाव्या हाताला रेशमी पट्टे आणि उजव्या हाताला घोट्याएवढं गवत. अर्धी दाढी करून मांडवात आलेल्या नवऱ्यासारखं मैदान. ही बायकांच्या रांगेतून उठून माझ्याकडे आली. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "पूजेच्या जागेवर पाय ठेवला तर पाप, आणि एवढं मोठं लोखंड फिरवलंत ते काय पुण्य?" मला हसू येईना, रडूही येईना. मग तिनंच पदराच्या टोकानं माझ्या कपाळावरचं तेल पुसलं.

चारला बक्षिसं सुरू व्हायच्या आत मोठ्या साहेबांनी मला, मेस्त्रीला आणि ड्रायव्हरला मांडवामागं बोलावलं.

"काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पूजा, नट, वळसा, सगळं. "चूक माझी आहे, सर. मेस्त्री नको म्हणत होते. पात्याला खोक पडलीय. चालतं, पण पडलीय."

"नट काढायला किती वेळ लागला?"

"सव्वादोन तास, सगळं धरून."

साहेब ड्रायव्हरकडे वळले. "तुझ्या हाती असती तर किती लागला असता?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. "दोन मिनिटं, सर. आणि हे माझ्या हाताचं झालं असतं." त्यानं खिशातून तो दांडक्याचा कापलेला तुकडा काढून साहेबांसमोर धरला. "अण्णांनी मला मारून बाजूला केलं."

साहेबांनी तुकडा घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. मला वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "कार्यक्रम संपला की उरलेलं कापायला घे. बाकीचं उद्या बघू."

उद्या बघू! माणसाला टांगून ठेवायचं असलं की साहेब लोक असंच बोलतात. बक्षिसं कुणाला मिळाली, भाषणं काय झाली, मला काही आठवत नाही. डोळ्यांसमोर फक्त पाण्याची नळी दिसत होती.

पाचच्या आत मांडव रिकामा झाला. कामगार आणि त्यांची माणसं मैदानाभोवती खेळांसाठी आखलेल्या चुन्याच्या रेघेबाहेर घोळक्यानं उभी होती. गाडी चालताना बघायची म्हणून कुणी घरी जाईना. ड्रायव्हर आपण होऊन रेघेवर उभा राहून पोरांना मागं सारत होता. मी कापायच्या राहिलेल्या भागात पायी फिरलो, सगळ्या भागात, एक हात जागा न सोडता. दोन बाटल्यांची झाकणं आणि एक हेअरपिन सापडली. मग उशीवर बसलो, गुलमोहराकडे डोळे लावले आणि निघालो.

तिसऱ्या पट्ट्याला समोरून दोन माणसं मैदानात येताना दिसली. मोठे साहेब आणि दिल्लीचे पाहुणे. साहेब हातानं मशीन दाखवत, काहीतरी समजावून सांगत थेट माझ्या वाटेत चालत येत होते. मागून मेस्त्री घाबऱ्या घाबऱ्या हात हलवत होता, मला म्हणजे, की थांब, उतर, नमस्कार कर.

चालत्या मशीनच्या समोर माणूस नको. मग तो कुणी का असेना. एवढं एक मला पक्कं माहीत होतं. नोकरी उद्या जाणार तर जाऊ दे, पण आज, ह्या घटकेला, सीटवर मी होतो. मी क्लच ओढला, पाती थांबवली, उभा राहिलो आणि हात वर करून बैलाला हाकारायचो त्याच आवाजात ओरडलो,

"साहेब! मागं व्हा! रेघेच्या बाहेर!"

मेस्त्रीनं डोळे मिटून घेतलेले मला लांबूनही दिसले. हिनं तोंडावर पदर धरला. मोठे साहेब जागच्या जागी थबकले. पाहुण्यांनी भुवया उंचावून त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात कुणी साहेबांवर असं ओरडलं नसेल, त्यांच्या बायकोचं मला माहीत नाही.

साहेबांनी पाहुण्यांचा दंड धरला, इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि दोघंही पावलं मागं टाकत थेट चुन्याच्या रेघेबाहेर, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पोरांसारखे. मग साहेबांनी माझ्याकडे बघून हात वर केला, म्हणजे आता चालव.

मी खाली बसलो आणि क्लच सोडला. तो पट्टा संपवून रेघेशी वळलो तेव्हा इंजिन हळू केलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "इथं येऊन काय म्हणाले रे पाहुण्यांना?"

"म्हणाले, हा आमचा मशीन ड्रायव्हर. मैदानात याचं ऐकावं लागतं."

"ट्रायलवरचा म्हणाले का?"

"नाही अण्णा," तो म्हणाला. "नुसतं ड्रायव्हर म्हणाले."